बोर्ड बघ

मागच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना बास्केटबॉलची स्कोअरशीट शिकवत होतो. एकाने विचारलं, "सर, हुकलेला फ्री थ्रो कुठे लिहायचा?" कुठेच नाही, म्हटलं. बास्केट पडली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारा मोकळा नेम, पडला की भरीव ठिपका, शेजारच्या घरात खेळाडूचा नंबर. जे पडलं नाही ते शीटवर नसतंच. म्हणजे टेबलावर गुण लिहिणारा पोरगा पडलेला फ्री थ्रो लिहायला विसरला, तर शीटवर तो हुकलेल्यासारखाच दिसतो. हे शेवटचं मात्र वर्गात बोललो नाही.

कॉलेजात बास्केटबॉल कोच असं वेगळं पद बहुतेक ठिकाणी नसतं. शारीरिक शिक्षण संचालक असतो, आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्याचा कोच तोच. मी मूळचा खो-खोवाला. संस्थेने बास्केटबॉलचं मैदान बांधलं, पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटला, आणि मग लक्षात आलं की शिकवायला कोणीच नाही. मला पतियाळाला एनआयएसच्या, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या, सहा आठवड्यांच्या कोर्सला धाडलं. परत आलो तो कोच होऊन.

एका गोष्टीचा मला अभिमान होता, ती म्हणजे वही. सामना चालू असताना बेंचवरची एक मुलगी दोन्ही संघांची नोंद ठेवायची. फ्री थ्रोला आधी रिकामा गोल काढायचा, पडला तर भरायचा, हुकला तर तसाच सोडायचा. शीटवर नसतं ते माझ्या वहीत असायचं. त्या वर्षी वही अकरा नंबरकडे होती. घोट्याची लिगामेंट दुखावली म्हणून ती बाहेर बसलेली. बीएस्सीची मुलगी, अक्षर मोत्यासारखं. सामन्यात टाळीसुद्धा वाजवायची नाही, का तर पेन हलेल.

सप्टेंबर २००९. विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मुलींची उपांत्य फेरी, यजमान तिसरंच कॉलेज. उघडं सिमेंटचं मैदान, सकाळच्या पावसाचं पाणी गोणपाटांनी टिपून घेतलेलं. टेबलावर यजमानांची पोरं. शॉट घ्यायच्या मुदतीचं २४ सेकंदांचं घड्याळ नव्हतं, एक पोरगा स्टॉपवॉच धरून ओरडायचा. स्पर्धेच्या मंडपावर आणि हारतुऱ्यांवर खर्च होतो, टेबलावर बसणाऱ्या पोरांना नियम शिकवायला कोणाला वेळ नसतो.

शेवटच्या मिनिटात आम्ही ४७, ते ४५. त्यांची सात नंबर आत घुसली आणि आमच्या उंच सेंटरने तिचा हात मारला. सेंटरचा पाचवा फाउल, बाहेर. टीम फाउल चार कधीच होऊन गेलेले, म्हणजे दोन फ्री थ्रो. सामन्याच्या घड्याळात १८ सेकंद.

पहिला सरळ आत. दुसरा रिंगवर नाचला, बोर्डाला लागला, परत रिंगवर आला. तो पडतोय तोवर मी टेबलाशी पोचलो होतो, दोन्ही हातांनी टी करून. तेव्हा टाइमआउट मागायला कोचने स्वतः स्कोअररकडे जावं लागायचं. त्या पोराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आधीच त्याच्या डोक्यावर पाचवा फाउल, बदली खेळाडू, आणि आता मी. त्याने हॉर्न वाजवला आणि टाइमआउटच्या चौकटीत आकडा लिहिला.

स्कोअरबोर्डावर ४७–४६. मी मुलींना म्हटलं, एकाने पुढे आहोत, १८ सेकंद चेंडू फिरवा, शॉट घ्यायचा नाही. मागून अकरा नंबर म्हणाली, "सर, बरोबरी आहे."

"बोर्ड बघ."

"सर, दोन्ही पडले. मी भरलेत."

"तुझं चुकलं असेल. गप्प बस."

मुलींनी चेंडू फिरवला. समोरच्यांनी धावपळ केली, फाउलसुद्धा धड करता आला नाही. ४७–४६.

गुण लिहिण्यातली चूक मुख्य पंचाची सही होईपर्यंत दुरुस्त करता येते. पंच आधी चहा प्यायला गेले. तीन-चार मिनिटं तरी असतील. वही माझ्या हातात होती, पानावर दोन भरलेले गोल, कडेपर्यंत नीट भरलेले. बरोबरी म्हणजे पाच मिनिटांचा जादा वेळ, तोही सेंटरशिवाय आणि चौथ्या क्वार्टरचे फाउल डोक्यावर घेऊन. आम्ही हरलो असतो. मी वही बॅगेत टाकली. समोरचा कोच तासिका तत्त्वावरचा तरुण मुलगा, त्याच्याकडे वही नव्हती. मनात म्हटलं, कोचने आपला हिशोब आपण ठेवावा. खरंच ठेवावा. पण ते वाक्य त्या क्षणी मला फार कामाचं होतं.

फायनलमध्ये दुसऱ्या दिवशी आमची धुलाई झाली. तरी फायनल गाठणारा कॉलेजचा पहिला मुलींचा संघ म्हणून प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं. हेच प्राचार्य नव्या जाळ्यांच्या बिलावर तीन महिने सही करत नव्हते.

परतताना एसटीत मुली गाणी म्हणत होत्या आणि मी मनाची समजूत घालत होतो: पोरगीच ती, दुखरा पाय, गोंधळ, भरला असेल चुकून. नारायणगाव गेल्यावर एकदम टाइमआउटच आठवला. शेवटचा फ्री थ्रो पडला, तरच तिथे टाइमआउट मिळतो. हुकला तर चेंडू जिवंत, रिबाउंड म्हणजे उसळलेल्या चेंडूवर झडप, खेळ चालू. मला पंचांनी टाइमआउट दिला होता, कोणी रिबाउंडला उडीसुद्धा न मारता. नंतर चेंडूही आमच्याच मुलीने मध्यरेषेवरून आत टाकला. म्हणजे वहीची गरजच नव्हती. हा नियम मी प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. मैदानावर तो मला आठवला नाही, की आठवू दिला नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आणि तो ठिपका राहिला तो मी टेबलावर धावलो म्हणून. त्या स्कोअररला मी कधी भेटलो नाही. त्याला वाटत असेल, सगळं नीट लिहिलं.

अकरा नंबर दोन सीट पुढे खिडकीशी होती. तिला उठवून "तुझं बरोबर होतं" एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता.

पुढच्या मोसमात ती बरी होऊन खेळू लागली. बाहेर बसली की वही तिच्याकडेच असायची, अक्षर तसंच. फक्त फ्री थ्रो पडला की ती आधी बोर्डाकडे बघायची, आकडा बदलेपर्यंत थांबायची, आणि मग गोल भरायची.