बाबांचा एमआरआय आणि लघवीचा जुना रिपोर्ट

आज बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. काही महिन्यांपासून ते पाय घासत चालतात, गॅस बंद करायला विसरतात. वय झालं, असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. आतल्या भागात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे डाग. "बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात," म्हणाले आणि लगेच विचारलं, "लघवीतून प्रोटीन जातं का?"

मी गोंधळलोच. पण त्यांनी शांतपणे समजावलं. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांना लागतो, जवळपास तेवढाच मेंदूला. दोन्हीकडच्या वाहिन्या अतिशय नाजूक. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की मार दोन्हीकडे बसतो. मेंदूतलं सहज दिसत नाही, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रोटीन, मात्र साध्या तपासणीत कळतं.

घरी येऊन फाईल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर अल्ब्युमिनचा आकडा जाड अक्षरात छापलेला. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल होतं म्हणून तो कागद मीच मागे लावून टाकला होता. फार लागलं मनाला.

रात्री जेवताना बाबांनी न सांगता लोणच्याची बरणी बाजूला सारली.