सरकारी की प्रायव्हेट? तुम्ही विचारलंत म्हणून

डोहाळजेवणाला गेलं की ओटी भरून होईपर्यंत कोणी काही विचारत नाही. प्लेट हातात आली की मुलीची आई हळूच शेजारी येऊन बसते. "ताई, तुम्ही ब्लड बँकेत होत्या न? मग सांगा न, पोरीले मेडिकलले न्यावं का धंतोलीत नाव नोंदवावं?"

मेडिकल म्हणजे आमचं सरकारी मेडिकल कॉलेज, धंतोली म्हणजे खाजगी दवाखान्यांचा भाग. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. नागपुरातल्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होते, आणि बरीचशी नोकरी रात्रपाळीत गेली. दुसऱ्यांची बाळंतपणं मी टेबलाशी उभं राहून पाहिली नाहीत, खिडकीतून पाहिली. खिडकीत हात येतो, हातात रक्ताच्या नमुन्याची नळी आणि मागणीचा कागद. बाई कुठे आहे, तिला काय झालंय आणि ते किती उशिरा कोणाच्या लक्षात आलं, हे सगळं त्या कागदावरून कळतं.

तर माझं उत्तर त्या खिडकीचंच आहे. रात्री दोन वाजता रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि बाळाचा डॉक्टर तुमच्या मुलीपासून किती मिनिटांवर आहेत, ते आधी पाहा. पाटीवर शासकीय लिहिलंय की मॅटर्निटी होम, ते त्यानंतर. ऐकणारीला हे आवडत नाही. तिला एखादं नाव हवं असतं.

घाबरवत नाही. बहुतेक बाळंतपणं कुठेही नीट होतात. जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना पाहणीच्या २०१८ ते २०२० च्या आकड्यांत महाराष्ट्रात १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. म्हणजे आपलं राज्य बऱ्यापैकी सुरक्षित. पण सगळं सरळ होणार असेल तर दवाखाना कुठलाही चालतो. निवड करायची ती वाकडं झालं तर काय, या हिशेबाने.

वाकडं कसं होतं ते सांगते, कारण पॅकेजची चौकशी तासभर करणाऱ्या घरात हे कोणाला माहीत नसतं. दिवस भरत आले की गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असतं. बाळामागून वार (प्लासेंटा) पडल्यावर गर्भाशय आवळून घट्ट होतं आणि तो नळ बंद होतो. नाही झालं घट्ट, तर मग प्रत्येक मिनिट मोजून घ्यायचं.

आता आमच्या बाजूची मिनिटं. नमुना आला की गट पुन्हा तपासायचा, आधीच्या रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असो. मग क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त बाईच्या रक्ताशी जुळतं का ते पाहायचं. सगळं सुरळीत असलं तर पाऊण तास ते तास. त्यात गाडी काढून येण्याजाण्याचा वेळ मिळवा. नळीवर नाव नाही म्हणून खिडकीतून परत पाठवलेला नवराही मिळवा. हो, आम्ही परत पाठवतो. शिव्या खातो, पण पाठवतो. नळीवर सुनीता आणि कागदावर सुनंदा असेल तर मी काय समजायचं? चुकीच्या गटाचं रक्त थोडं गेलं तरी जीव घेऊ शकतं.

मेडिकल आणि मेयो या दोन्ही मोठ्या सरकारी दवाखान्यांत रक्तपेढी आवारातच आहे. तिथे नातेवाईक धावत आला तरी जिने उतरूनच येतो. रात्री निवासी डॉक्टर जागे असतात. त्यांचे डोळे तारवटलेले असतात, पण ते वॉर्डात असतात. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्याला दवाखाना लागून आहे. भूलतज्ज्ञ दोन गल्ल्या पलीकडे राहतो, बाळांचा दवाखाना समोरच असतो, म्हणून तिथलं छोटं नर्सिंग होमसुद्धा पुष्कळदा निभावून नेतं. (पार्किंगबद्दल मात्र बोलायला नको.) तेवढंच चकचकीत नर्सिंग होम बेशाला किंवा कोराडी रोडच्या शेवटाला असलं, तर एकटे गायनॅक डॉक्टर फोन लावत बसतात आणि बाकीचे शहरातून निघालेले असतात. डॉक्टर वाईट नसतात, रस्ता लांब असतो. तारीख तान्ह्या पोळ्याच्या आसपास असेल तर इतवारी-महालातून मारबतीची मिरवणूक निघते हेही ध्यानात ठेवा. त्या दिवशी डागाकडे, म्हणजे बायकांच्या सरकारी दवाखान्याकडे, गाडी न्यायची म्हणजे कोणता रस्ता मोकळा आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं बरं.

मग सरळ सरकारीतच जा म्हणा की, असं तुम्ही म्हणाल. तसंही मी म्हणत नाही. गडचिरोली, गोंदिया, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडची अवघड केस शेवटी नागपूरलाच येते. त्या गर्दीत तुमची साधी, पहिलटकरीण मुलगी म्हणजे बाकावर थांबायला सांगितलेली एक बाई. संडासाची अवस्था मी सांगायची गरज नाही. आणि लेबर रूममध्ये कळा सोसणाऱ्या बाईला जे एक घाणेरडं वाक्य ऐकवतात, ते सगळ्या बायकांना ठाऊक आहे, मी इथे लिहीत नाही. माझ्या भाचीने ते एका सरकारी दवाखान्यात ऐकलं. तिची तब्येत, बाळ, टाके, सगळं नीट झालं, आणि तरी दुसऱ्या खेपेला ती त्या फाटकातून आत जायला तयार नव्हती. तिला मी समजावायला गेले नाही. कळांच्या वेळी बाईमाणूस सोबत ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना सांगितलं आहे. शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, घरातली. हे आधीच, शांतपणे, सिस्टरना विचारून ठेवा. सोबत कोणी असलं की जिभा आपोआप सांभाळल्या जातात.

पैशाचं पटकन सांगते. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, आणायची-सोडायची गाडी, सगळं मोफत. जेवण नॉर्मलला ३ दिवस, सीझरला ७ दिवस. बाळ आजारी पडलं तर त्याचेही उपचार मोफत. पिवळं-केशरी कार्ड लागत नाही, कोणतीही बाई असो. 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडली तर या योजनेचं नाव घ्या, मोठ्याने घ्या. पाळणा हलवल्याचे, बातमी सांगितल्याचे पैसे कोणी मागितले तर त्याला योजनेत नाव नाही. पहिल्या बाळासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेचे ५,००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. प्रायव्हेटमध्ये गेलात तरी तो अर्ज करता येतो, आशाताईला विचारा.

प्रायव्हेटमध्ये तुम्ही नेमकं काय विकत घेता? एक ओळखीचा चेहरा. नऊ महिने ज्यांनी पोटावर हात ठेवला त्याच बाई शेवटी असतील, अशी बऱ्यापैकी खात्री. दार लागणारी खोली, आपला संडास, प्रश्न विचारला तर उत्तर. हे चोचले नाहीत. घाबरलेल्या बाईला याची गरज असते आणि परवडत असेल तर पैसे खुशाल खर्च करा. फक्त पैसे भरण्याआधी तोंड उघडा. रात्री भूल द्यायला कोण येतं आणि कुठून? रक्त कोणत्या पेढीतून आणता? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर ते इथेच राहील की दुसरीकडे न्याल? पॅकेजमध्ये काय नाही? कारण बाळाच्या डॉक्टरचं बिल वेगळं, भुलेचं वेगळं, असं पुष्कळदा निघतं, आणि कमी दिवसांचं बाळ असलं तर नवजात कक्षाचं रोजचं बिल घर हलवतं. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ साली बदल झाले, तेव्हापासून दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. भिंतीवर नसेल तर विचारा, कुठे आहे म्हणून.

एक विचित्र वाटणारा प्रश्नही विचारा: फ्रीजला इन्व्हर्टर आहे का? गर्भाशय आवळून यावं म्हणून देतात ते ऑक्सिटोसिन थंडीत, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. लाइट गेली आणि इंजेक्शनं गरम झाली तर ऐन वेळी दिलेल्या औषधाचा जोर कमी पडतो. ज्या डॉक्टरांनी यावर हसून नेमकं उत्तर दिलं त्यांच्याकडे मी डोळे मिटून जाईन. जे चिडतील, त्यांच्याकडे नाही.

बाहेर पडायचा दुसरा रस्ताही पाहून घ्या, दोन्हीकडे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. भंडारा आपल्यापासून किती लांब आहे?

सीझरची भीती हा प्रायव्हेटवरचा नेहमीचा आरोप. आकडे त्याच्या बाजूने आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांतल्या १०० पैकी ४७ हून जास्त बाळंतपणं सीझरने झाली, सरकारीत १४ च्या आसपास. पण यात फक्त डॉक्टरांचा लोभ नाही. मुहूर्त काढून आणणारी घरं मी पाहिली आहेत, कागदावर वेळेसकट. माझी काळजी पहिल्या सीझरची नाहीच, पुढच्या खेपेची आहे. आधीच्या सीझरच्या व्रणावर वार खाली येऊन चिकटली तर ती सुटत नाही. सीझर जितकी जास्त, तितका हा धोका वाढतो, आणि अशा केसची मागणी आली की आम्ही खिडकीआड एकमेकींकडे पाहायचो, कारण दोन पिशव्यांत ते भागत नाही. आधीचं सीझर असेल तर सोनोग्राफीत वार कुठे आहे हे विचाराच, आणि खाली आहे असं कळलं तर बेशा-धंतोली हा वाद तिथेच संपवून रक्तपेढी आवारात असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. मग तो सरकारी असो, मिहानमधलं एम्स असो, की मोठं खाजगी.

हाच नियम आणखी काहींना. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, जुळं, खूप वाढलेला बीपी, हृदयाचा आजार. आणि सिकल, म्हणजे आईबापाकडून येणारा, लाल पेशी वाकड्या करणारा रक्ताचा आजार. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून तयारी करणाऱ्या मुलींना हा शब्द भेटत नाही, पण आपण विदर्भात राहतो. सिकलची साधी चाचणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करून घ्या, नवऱ्याचीही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. आणि बाईच सिकलग्रस्त असेल तर तिला गरोदरपणात रक्त लागू शकतं, तेही जपून जुळवलेलं. ते आयत्या वेळी सापडेलच असं नाही. अशा बाईने नर्सिंग होमच्या पडद्यांचा रंग बघू नये.

आमच्या शहरात तिसरी वाटही जुनी आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ सुरू केला तो घरातल्या अंधाऱ्या खोलीत बाळंत होणाऱ्या बायकांसाठी. माझ्या सासूबाईंच्या पिढीतल्या कितीतरी जणी संघाच्या सूतिकागृहात बाळंत झाल्या. तेव्हा सरकारी की प्रायव्हेट असं कोणी विचारत नव्हतं. धर्मादाय आणि ट्रस्टचे दवाखाने आजही यादीत घ्या, वरचेच प्रश्न त्यांनाही विचारा.

मी स्वतः मुलींना काय करायला लावते? प्रायव्हेटमध्ये नाव घालायचं ठरलं तरी एक केसपेपर सरकारीतही काढायचा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यानंतर एकदा तरी जाऊन या. कारण पहाटे चारला नर्सिंग होममधून मेडिकलला पाठवलेल्या बाईबद्दल तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसतं. गट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही, आधीचे टाके कसले माहीत नाही. नातेवाईक म्हणतात, फाइल तिकडेच राहिली जी. माता-बाल कार्ड आणि सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स एका पिशवीत, पिशवी दाराजवळ. 'आमची मुलगी दोन-दोन दवाखान्यांत कशाला' म्हणून नाक मुरडणारे असतात. मुरडू द्या.

मुलीचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत. दवाखाना कोणताही असो, हे तुम्ही आठवण करून द्यायचं.

आणि जावईबापूंसाठी, कारण खिडकीत हमखास हे व्हायचं. शर्टाची बाही वर करून ते म्हणतात, माझंच रक्त काढा आणि तिला द्या. नाही द्यायचं. नवऱ्याचं रक्त बायकोला दिलं तर तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढच्या खेपेच्या बाळाला त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय ताज्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशा तपासण्या झाल्याशिवाय ते कोणालाच देता येत नाही, त्यामुळे रात्री दोनला मोटरसायकलींवर डझनभर मित्र आणलेत तरी त्यांचं रक्त त्या रात्री उपयोगाचं नाही. लाल पेशी महिनाभर टिकतात. आठव्या महिन्यात येऊन पेढीच्या साठ्यासाठी निवांत देऊन जा. येताना खाऊन या, उपाशीपोटी येऊन चक्कर येणारे नवरे आम्ही पुष्कळ पाहिले.