यवतेश्वरचा उतार आणि बोस्टन

मी बोस्टन मॅरेथॉन धावून आल्यापासून मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की एकच विषय निघतो. "ताई, ती हार्टब्रेक हिल लई अवघड असती म्हणं?" बोस्टन मॅरेथॉनचं नाव ऐकलेल्या माणसाला तेवढी एक टेकडी ठाऊक असते. प्रत्यक्षात तो किलोमीटरभरही लांब नसलेला, साधारण २७ मीटर उंचीचा चढ आहे. समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट चढणारा सातारकर तो संपल्यावर विचारेल, झाला का? माणसं तिथं मोडतात हे खरं, पण त्यांना मोडलेलं असतं आधीच्या उतारांनी. म्हणून मला उताराबद्दल लिहायचंय.

शर्यत सुरू होते हॉपकिंटन नावाच्या छोट्या गावात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १५० मीटरवर. संपते बोस्टनच्या बॉयल्स्टन स्ट्रीटवर, जवळपास समुद्राच्या पातळीला. पहिल्या दीड-दोन किलोमीटरांतच रस्ता चाळीसेक मीटर खाली येतो. पुढे थोडे चढ, जास्त उतार, असं पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत. मग न्यूटन नावाच्या उपनगरातले चार चढ, त्यातला शेवटचा हार्टब्रेक, आणि तिथून पुन्हा खाली. एवढा उतार आणि सरळ एका दिशेचा रस्ता, म्हणून बोस्टनची वेळ जागतिक विक्रमासाठी धरत नाहीत. २०११ साली जेफ्री मुताई इथं २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावला, तोवर एवढ्या वेगात मॅरेथॉन कुणी धावलं नव्हतं, तरी विक्रम झाला नाही.

उतार सोपा वाटतो कारण दम लागत नाही. पण मांडीचा पुढचा स्नायू तिथं लांबत लांबत भार पेलतो. प्रत्येक पावलाला तो ब्रेक लावतो आणि त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. हे लगेच कळत नाही. कळतं तीस किलोमीटरनंतर, जेव्हा छाती म्हणते चल आणि मांडी उचलत नाही. चांगली गोष्ट अशी की हा स्नायू शिकतो. एकदा नीट उताराचा मार खाल्ला की पुढच्या खेपेला तेवढाच उतार त्याला बराच कमी दुखवतो, आणि ही तयारी काही आठवडे टिकते.

हे पुस्तकी कारण मला पुढे समजलं. आधी सांगितलं ते आमच्या ग्रुपमधल्या सुभेदारकाकांनी. अपशिंगे मिलिटरी गावचे, फौजेतून निवृत्त. म्हणाले, "चढाला सगळी भित्यात. उताराला कोण भीत न्हाई, आन् तिथंच पाय जातो." त्यांनी माझा कार्यक्रमच उलटा केला. आमचे हे मला पहाटे स्कूटरवरून यवतेश्वरला सोडायचे आणि मी फक्त खाली धावायची. घाटात भेटणारा दूधवाला रोज थांबून बघायचा. एक दिवस न राहवून म्हणाला, "वहिनी, वर गाडीनं आन् खाली पळत? उलटं चाललंय की!"

काका मागून ओरडायचे ते अजून कानात आहे. पाऊल पुढं टाकू नका, अंगाखाली टाका. टाच आपटली की ब्रेक लागला समजा. पावलं आखूड, पटापट. कमरेतून मागं रेलू नका. वळणावर आतल्या बाजूला रस्ता तिरका असतो, तिथं धावलं की एकाच गुडघ्यावर भार येतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर मधोमध. फाल्गुनात घाटात पळस आणि पांगारा पेटलेला असायचा, पण माझी नजर पुढच्या दहा पावलांवर. आठ वाजले की ऊन असह्य व्हायचं, त्याआधी घरी. शर्यतीच्या तीन आठवडे आधी शेवटचा मोठा उतार, मग घाट बंद.

पात्रतेचं थोडक्यात सांगते, कारण बरेच जण विचारतात. बोस्टनला पात्र ठरायला आधीच्या मॅरेथॉनची वेळ द्यावी लागते, मी मुंबई मॅरेथॉनची दिली होती. माझ्या वयोगटातल्या, म्हणजे ५० ते ५४ च्या बायकांना तेव्हा ३ तास ५५ मिनिटांची मर्यादा होती, पण २०२५ साठी अर्ज इतके आले की प्रत्यक्षात त्याहून ६ मिनिटं ५१ सेकंद कमी लागले. नुसती मर्यादा गाठून जागा मिळत नाही, हे धरूनच तयारी करा.

शर्यत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रियट्स डे या तिथल्या सुट्टीच्या दिवशी असते. सकाळी बोस्टन कॉमनवरून पिवळ्या स्कूलबसमधून हॉपकिंटनला नेतात आणि तिथं तासन्‌तास थांबावं लागतं. भाचीने तिचा जुना स्वेटर दिला होता, तो सुटायच्या आधी काढून टाकला. असे टाकलेले कपडे गोळा करून दान करतात. तिथं उभी असताना मला बॉबी गिबची आठवण आली. १९६६ साली बायकांना परवानगी नव्हती, तेव्हा ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपांत लपली आणि गर्दीत शिरून अख्खी शर्यत धावली. परवानगी मिळायला १९७२ उजाडलं. अमेरिकेतसुद्धा! माझ्या पुढेमागे सगळ्या वयाच्या बायका होत्या, आणि मला भरून आलं.

मग उतार. माणसं दोन्ही बाजूंनी मला मागे टाकून धडाधड निघाली. मी आखूड पावलं टाकत राहिले. वेलस्लीला कॉलेजच्या मुलींचा आरडाओरडा अर्धा किलोमीटर आधीच ऐकू येतो, तिथं वेग आपोआप वाढतो, तोही धरून ठेवला. न्यूटनला मला तीच माणसं दिसायला लागली, आता चालणारी. हार्टब्रेकवर मी चालले नाही. पण खरा आनंद त्यानंतर झाला, कारण टेकडीपलीकडे रस्ता खाली जातो आणि माझ्या मांड्या तो घेत होत्या. एकजण रेलिंग धरून उतारावर तिरका चालत होता, चेहरा पिळवटलेला. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. हेअरफर्डला उजवीकडे, बॉयल्स्टनला डावीकडे, आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोच्या जिन्यावर गळ्यात मेडल घातलेली मंडळी उलटी उतरत होती. मी सरळ उतरले आणि तिथूनच काकांना फोन लावला. त्यांनी वेळ विचारलीच नाही. "जिना कसा उतरला?" एवढंच.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये अर्धा रस्ता हाच उतार आहे. नाव नोंदवलेल्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराच्या चौकात यावं. वर जायला दोन गाड्या आहेत, धावायचं फक्त खाली.