फोटोतला आड

आत्तीच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत एक फोटो मिळाला. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, कडेच्या काळ्या भागावर चंदेरी तवंग आलेला. सात माणसं, कौलारू सोपा आणि मागं उजवीकडं विहिरीचा दगडी काठ. आत्ती म्हणाली, "अगे, ही टिळकवाडीची काँग्रेस विहीर. गांधी आलते तेव्हाचा फोटो. तुझे पणजोबा स्वयंसेवक होते की."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळी उभारणी केली, आणि आलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत विहीर खणली. बेळगावातल्या जुन्या घरांना या अधिवेशनाशी आपला एखादा धागा असावा असं फार वाटतं. आम्हालाही वाटायचं.

फोटोच्या मागं पेन्सिलीनं मोडीत एक ओळ होती. निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले ती असल्याच ओळींसाठी. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा आधार नाही. भिंग घेऊन दोन संध्याकाळ बसले तेव्हा लागलं: "शके १८४६ मार्गशीर्ष, घरचा आड". शकात ७८ मिळवले की १९२४. मार्गशीर्ष म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. आत्तीचं साल अगदी बरोबर होतं. जागा मात्र दुसरीच निघाली.

आमचं घर शहापूरचं. आज शहापूर बेळगावातच धरतात, पण १९२४ साली बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि शहापूर सांगली संस्थानात, पटवर्धनांकडं. सीमेचा विषय निघाला की सगळे १९५६ पासून सुरुवात करतात. आमच्या शहरात त्याच्या कितीतरी आधीची एक सीमा होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. जुने कागद शोधणाऱ्यानं तर ते आधी ध्यानात घ्यावं, नाहीतर चुकीच्या दप्तरात महिने जातात. आमच्याच कागदांचं बघा: सर्वांत जुनं खरेदीखत मोडीत, सांगली संस्थानचं. १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यानंतरचे कागद बाळबोध, म्हणजे देवनागरी मराठीत. १९५६ नंतर म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक, आणि आताचा उतारा कन्नडमध्ये. एका घराचा माग काढायला मला दोन लिप्या आणखी लागल्या. कन्नड शाळेत शिकले होते, ते आता खरोखर उपयोगी पडलं.

खरेदीखतात चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारी बाजूंच्या हद्दी होत्या. त्यात "उत्तरेस सामाईक आड, त्याचे पाण्यावर उभयतांचा हक्क" हे वाचलं आणि मी उठून परसात गेले. उत्तरेला आमची नुसती भिंत आहे. आड होता असं आमच्यापैकी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळवली. दोन घरांच्या हद्दीवर एक बारीक गोल होता, शाईचा ठिपका वाटावा एवढा. जुना कागद आखडतो, म्हणून नकाशावरचं माप एकदम खरं धरायचं नाही. आधी गल्लीकडची आमची जुनी दगडी भिंत नकाशावर मोजली, मग टेपनं प्रत्यक्ष मोजली, दोन्हीतला फरक काढला आणि त्या हिशेबानं जोत्याच्या कोपऱ्यापासून गोलापर्यंतचं अंतर धरलं. अकरा फूट. म्हणजे भिंतीपलीकडं, शेजारच्या अज्जींच्या धुण्याच्या जागेवर.

अज्जी ऐंशीच्या पुढच्या. फोटो हातात घेऊन त्यांनी लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "हौदु, इल्ले बावी इत्तु." होय, इथंच विहीर होती. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आड होता. नळ आल्यावर माती-दगड घालून बुजवला. काठाचा एक दगड तेवढा धुण्यासाठी ठेवला. त्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ओल्या दगडाच्या कडेला तीन खाचा उठून दिसल्या, बोट सहज बसेल एवढ्या आणि आतून गुळगुळीत. दोरानं पडलेल्या.

घरी येऊन स्कॅन मोठा करून बघितला. काठावर तीन काळ्या रेघा आहेत. महिनाभर मी त्यांना फोटोवरचे ओरखडे समजत होते. मोबाईलवर ते पुसून टाकायची सोय आहे. बरं झालं पुसले नाहीत. जुना फोटो 'साफ' करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: मूळ स्कॅन तसाच राहू द्या. फोटो लॅमिनेटही करू नका, मागची ओळ प्लास्टिकखाली अडकते.

आत्तीला सगळं सांगायला गेले तेव्हा धाकधूक होती. पणजोबा स्वयंसेवक असतीलही, पण हा फोटो काही त्याचा पुरावा नाही, हे तिला सांगायचं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंग मागितलं. बराच वेळ मधल्या बाईकडं बघत राहिली. ती तिची आजी. तिच्या पदराखाली काहीतरी आहे, ते मी कापडाची घडी समजले होते.

"पोर आहे गे," आत्ती म्हणाली. "आमची आत्तीच असणार, आमच्या वडलांच्या, अण्णांच्या पाठची. बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला निघाली की आडाची पूजा करतात. नाहीतर कोण आडापाशी फोटो काढंल? काठावर नारळ असंल बघ."

लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि काठाचा तो कोपरा मोठा केला. खाचांच्या डावीकडं नारळ होता, शेजारी छोटी लोटी.