मामांच्या बनियनवरचा डाग

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामांच्या बनियनवर डाव्या बाजूला एक बारीक तांबूस डाग मामींना कपडे भिजवताना सलग तीन दिवस दिसला, तेव्हा मामांनी तो घामोळ्याचा म्हणून उडवून लावला. स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी टणक गाठ चार महिन्यांपासून होती. ती दुखत नव्हती, म्हणूनच दुर्लक्ष झाले.

स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी जेमतेम १ टक्का पुरुषांमध्ये आढळतो, तोही बहुधा साठीच्या आसपास किंवा पुढे. पुरुषांच्या छातीवरची बहुतेक सूज संप्रेरकांच्या असंतुलनाने आलेली, साधी असते. पण एकाच बाजूची न दुखणारी कडक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त दिसले, तर मलम लावत बसू नये.

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, खोलीबाहेर सगळ्या बायकाच बसल्या होत्या. नाव पुकारले गेले तेव्हा मामांनी मान खाली घातली, ते मला अजून विसरता येत नाही. सोनोग्राफी झाली, पण निदान पक्के केले ते सुईने तुकडा काढून केलेल्या बायोप्सीनेच. पुढे शस्त्रक्रियेत स्तन काढला आणि काखेतील लसिकाग्रंथीही तपासल्या. पुरुषांमधील सुमारे ९० टक्के कर्करोग इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे असतात. मामांचाही तसाच निघाल्याने इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी त्यांना किमान ५ वर्षे घ्यायची आहे.

स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए२ जनुकातील दोष वडिलांकडून मुलीकडेही जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी मामांची जनुकीय तपासणी सुचवली आहे. अहवाल यायचा आहे. माझी मामेबहीण रोज फोन करून विचारते.