बरणीचा धडा

शनिवार, रात्री

यादीत चार गोष्टी होत्या: राजमा, तांदूळ, बदाम, कॉफी. घरी आल्या नऊ. ओट्स यादीत नव्हते, आणि जवस तर मला आवडतही नाही. पण दुकानातल्या सुट्या सामानाच्या त्या भिंतीपुढे उभी राहिले की मला आवर राहत नाही. ओळीने पारदर्शक डबे, आत नाना रंगांचे दाणे, आणि हातात स्कूप. पाकीट उचलताना माणूस निदान विचार करतो, एक घेऊ की दोन. स्कूपला तसा आकडाच नसतो. "अजून थोडंसं" म्हणता म्हणता पिशवी भरते.

ओट्सची गोष्ट वेगळी. ते उभ्या डब्यात होते, खालचा दांडा ओढून माल काढायचा प्रकार. नुसतं बघावं म्हणून ओढला, तर अडकला. जोर लावला, तर एकदम सुटला, आणि पिशवीचं तोंड धरेपर्यंत पाऊण किलो आत आणि मूठभर माझ्या बुटांवर. ओट्ससारखा चपटा, हलका माल आत एकमेकांत गुंतून कमान धरतो. कमान मोडली की सगळं एकदम कोसळतं. राजम्यासारखे गुळगुळीत दाणे बिचारे शिस्तीत ओघळतात. दांडा हळूहळू, थोडाथोडा हलवायचा असतो हे आता कळून काय उपयोग? एकदा बाहेर आलेला माल परत डब्यात टाकायचा नाही असा नियम आहे. मला तो पटतो. कुणाच्या हाताला, कुणाच्या पिशवीला काय लागलेलं असेल कुणी सांगावं. शेंगदाण्यातला स्कूप बदामात खुपसणारा एक गृहस्थ मी आजच पाहिला. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याने या भिंतीकडे फिरकूच नये, त्याला सीलबंद पाकीटच बरं.

तर पाऊण किलो ओट्स माझे झाले.

आता खरा गाढवपणा. या वेळी घरून बरण्या नेल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशव्या नकोत म्हणून. रिकामी बरणी आधी काट्यावर ठेवायची, तिचं वजन चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, म्हणजे पैसे घेणारा तेवढं वजा करतो. तराजूच्या दिवसांत यालाच धडा म्हणत. एका पारड्यात रिकामं भांडं, दुसऱ्यात त्याच्या भाराचे खडे, काटा मधोमध आला की मग माल ओतायचा. शब्द किती नेमका आहे. मी धडा केला, चिठ्ठी लावली, बरणी बदामांनी भरली, लाकडी झाकण घट्ट बसवलं आणि काउंटरवर ठेवली. घरी येऊन सहज परत वजन केलं तर ९० ग्रॅमचा घोळ. धडा बिनझाकणाच्या बरणीचा केला होता, आणि काउंटरवर बरणी झाकणासकट गेली. म्हणजे ९० ग्रॅम लाकूड मी आज बदामाच्या भावाने विकत घेतलं.

गिऱ्हाइकाने स्वतःच फळीवरून माल उचलायचा, ही चाल फार जुनी नाही. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिगली विगली नावाचं दुकान काढलं. तोवर तिथे वाणसामान काउंटरपलीकडचा माणूसच काढायचा, तोलायचा, बांधून द्यायचा. मग पाकिटांचा जमाना आला, आणि पाकिटांना विटून आपण पुन्हा सुट्या मालाकडे वळलो. फक्त मधल्या मध्ये तोलणारा माणूस गेला आणि त्याचं काम माझ्या गळ्यात आलं. तो असता तर झाकण विसरला नसता.

रविवार, सकाळी

नवी कॉफी. बिया घरी दळल्या, वर उकळत्याहून जरा निवालेलं पाणी थोडंसं ओतलं आणि फुगण्याची वाट पाहत बसले. फुगलीच नाही. ओल्या मातीसारखी चप्प बसली. दोन-चार बुडबुडे आले, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे.

ताज्या कॉफीवर पाणी पडलं की ती कणकेसारखी वर येते. भाजताना बीचं वजन १५ ते २० टक्के उतरतं, ते मुख्यतः पाणी. त्याच वेळी बीच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होऊन कोंडून राहतो. भाजल्यावर पुढे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत असतो. कॉफीच्या पाकिटावर ते बारीक गोल भोक असतं ना, ते त्याच्यासाठीच. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. (मला पुष्कळ वर्षं वाटायचं, ते वास घ्यायला ठेवलेलं आहे. अजूनही दाबून वास घेतेच.) वायू सगळा निघून गेला म्हणजे बी भाजून बरेच दिवस झाले, आणि तोवर हवेतल्या ऑक्सिजनने बीतल्या तेलाला आणि वासाला आपला हात दाखवलेला असतो. काळपट भाजलेल्या बियांतून वायू जरा लवकर निघतो हे खरं, पण माझी कॉफी काही तशी नव्हती.

मग काल ज्या डब्यातून घेतली तो आठवून पाहिला. पारदर्शक, वरून थेट दिव्याचा उजेड, झाकण सैल. आतल्या बाजूला काचेवर तपकिरी तेलाचा थर चढलेला, बोट फिरवलं असतं तर चिकटलं असतं. तो थर आज भरलेल्या बियांचा नव्हे, आधीच्या कितीतरी भरण्यांचा. तेच तेल खवट होऊन नव्या बियांना लागतं. मी तिथल्या पोराला विचारलंही होतं, "कॉफी ताजी आहे का?" तो म्हणाला, "कालच भरला डबा." मी खूश. भरला कधी आणि भाजली कधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यात नवीन पोतं जुन्यावरच ओततात, म्हणजे तळाशी कुठल्या महिन्याचा माल बसलाय ते देव जाणे. आणि उभ्या डब्यात निदान तळातला आधी निघतो. झाकणाच्या पेटीत तो कायमचा तळाशीच.

असं सगळं त्या दुकानाला मनातल्या मनात सुनावलं आणि स्वयंपाकघरात माझ्या कॉफीच्या बरणीसमोर आले. काल घरी आल्या आल्या मी नवीन बिया कशावर ओतल्या होत्या? मागच्या महिन्याच्या उरलेल्या चार चमच्यांवर. बरणीच्या आत बोट फिरवलं. चिकटलं.

हिशेब मांडून पाहिला. एक लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम कॉफी, म्हणजे माझ्या पाव लिटरच्या मगाला १५ ग्रॅम. घरात कॉफी पिणारी मी एकटी, दिवसाला एकच मग. मी आणते अर्धा किलो, म्हणजे ३३ दिवस. भाजलेली बी नीट झाकून ठेवली तर तीन-चार आठवडे चांगली राहते, आणि माझी तर दुकानातच कितीतरी दिवस काढून आलेली असते. म्हणजे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस मी नेमाने शिळी कॉफी पिते आणि दोष पाण्याला देते. पाव किलो आणली तर १६ मग, जेमतेम दोन आठवडे. एवढा साधा भागाकार कधी केला नाही, कारण आणायची किती हे मी ठरवतच नव्हते. बरणी ठरवत होती. दीड लिटरची बरणी आहे, तिच्यात अर्धा किलो बिया बरोबर मावतात, म्हणून अर्धा किलो. तीच बरणी तांदळाची असती तर सव्वा किलो मावला असता आणि मी सव्वा किलो आणला असता.

बुधवार

तांदळात पोरकिडे.

नवीन तांदळाचा डबा आज उघडला. "नवीन" म्हणजे तेच, वरून नवीन. सोंड असलेले काळपट तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून लहान, डब्याच्या भिंतीवर चढत होते. आधी दुकानाला शिव्या घातल्या, मग ताईला फोन केला.

"जुन्यावर ओतलेस ना?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला.

"थोडेच होते गं तळाशी."

"थोड्यातच असतात ते. तुला रिकामा डबा बघवत नाही, हा तुझा आजार आहे."

फोन ठेवल्यावर मी एक भोक पडलेला दाणा नखाने फोडून पाहिला. आत पोकळ, पिठाचा भुगा, बाकी काही नाही. या किड्याची मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून लाळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतलंच खाते, आतच कोषात जाते आणि पूर्ण किडा होऊन भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत हा सगळा संसार महिनाभरात उरकतो. बाहेरून दाणा शेवटपर्यंत धड दिसतो, त्यामुळे दुकानात कितीही निरखून घेतला तरी कळणार नाही. तेव्हा ते माझ्या तळातल्या तांदळातले होते की दुकानातून आले, याचा निकाल लागणं अवघड आहे. ताईच्या लेखी तो लागलेला आहे.

तिचा उपाय मात्र पक्का आहे. आणलेलं धान्य आधी घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांत, अंड्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर गार दाण्यांवर हवेतला ओलावा धरतो आणि किड्यांच्या जागी बुरशी येते. बदामही तिथेच ठेव म्हणाली, तेलकट दाणे गारव्यात उशिरा खवटतात. जवस अख्खं आहे तोवर टिकेल, दळलं की संपलं. जवसाचं मी काय करणार आहे ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

राजम्याला किडा लागलेला नाही. पण काल तीन तास शिजूनही तो कडक राहिला. जुना असणार. उबेत आणि दमटपणात पडून राहिलेला राजमा मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. भिजवताना पाण्यात चिमूटभर सोडा घालून उरलेला पाहीन. निदान चांगला खळखळून उकळला तरी होता. कच्चट राजमा पोटात गेला की पोट धरून बसावं लागतं, तो दहा मिनिटं तरी सडकून उकळायलाच हवा.

शनिवार, संध्याकाळी

परत त्या भिंतीपुढे. या वेळी स्कूप हातात घेण्याआधी विचारलं, "भाजल्याची तारीख कुठे असते?" तोच पोरगा. तो आत गेला, पोत्यावरची तारीख बघून आला. तीन आठवडे. दुसऱ्या एका डब्यातली नऊ दिवसांची निघाली. हा डबा कमी खपाचा, कोपऱ्यातला, पण काल धुऊन भरलेला. काच स्वच्छ होती. तिथून घेतली.

घरची चक्की बंद पडली आहे म्हणून तिथेच दळायला गेले, आणि इथे पुन्हा फसणार होते. दुकानातल्या मोठ्या चक्कीवर जाड-बारीकची तबकडी असते. माझ्या आधीच्या बाईंनी ती अगदी बारीकवर ठेवली होती, एस्प्रेसोला लागते तशी पिठूळ. मी बटण दाबणार तेवढ्यात बदामाच्या मिठाईसारखा गोड वास आला. हेझलनटच्या वासाची कॉफी दळून गेल्या होत्या त्या. चक्कीच्या चकत्यांमध्ये आधीच्या दळणाचा भुगा राहतो, आणि असा वास तर चिकटूनच बसतो. पोरगा म्हणाला, "आधी तुमच्यातलं मूठभर टाका, ते फेकून द्या, मग बाकीचं." म्हणजे माझ्या पाव किलोतलं मूठभर, दुसऱ्यांचा हेझलनट धुवायला. जरा जिवावर आलं. मग वाटलं, दळलेली कॉफी तशीही काही दिवसांतच वास सोडते, एवढ्यासाठी मूठभर कशाला घालवायची? अख्ख्या बियाच घेतल्या. चक्की दुरुस्त होईपर्यंत ताईकडून खलबत्ता आणेन. जाडसर फुटेल, पण फुटेल.

काट्यावर २५० ग्रॅम. पोराने विचारलं, "बस, एवढीच?"

"एवढीच."

बाहेर पडताना ओट्सच्या डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. (घरी अजून अर्धा किलो आहेत.) मनुकांकडे पाहिलं. घेतल्या, पण स्कूपने नाही, चमच्याने. ४० ग्रॅम. काउंटरवरच्या मुलीने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

घरी येऊन आधी कॉफीची बरणी रिकामी केली. गरम पाणी आणि साबण, दोनदा. तरी तळाच्या कडेला तो खवट वास होताच, मग सोडा टाकून ठेवली तासभर. आता ओट्यावर उलटी घातली आहे. आतून काचेवर पाण्याचे दोन थेंब अजून दिसतायत. ते वाळेपर्यंत कॉफी कागदी पिशवीतच राहील, तोंडाला चिमटा लावून.