पंचगंगेची बेरीज

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा उलगडला की पंचगंगेचा हिशेब चुकतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती... नद्या भरतात चारच. पाचवी सरस्वती, ती गुप्त! गुरुचरित्रातली यादी तर आणखी निराळी: शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी, सरस्वती. प्रयाग चिखलीच्या संगमावर बुडी मारणाऱ्याला याचं काही वाटत नाही, आणि वाटूही नये.

जुलैत मात्र सगळा जिल्हा फुटांत बोलू लागतो. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 साली पाणी 55 च्याही वर गेलं. 'राधानगरीचे किती उघडले?' एवढंच विचारायचं, 'दरवाजे' म्हणायची गरज नसते. भोगावतीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या रेट्यानेच ते उचलले जातात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. एकेकातून 1,428 क्युसेक.

बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, त्याआधीच, पावसाच्या तोंडावर काढून ठेवायचे असतात. राहिले तर गाळ आणि वाहून आलेली झाडं त्यांना अडतात, पाणी बाजूने वाट काढतं आणि काठची शेतं खरवडून नेतं.

पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. इथे नृसिंह सरस्वतींचा बारा वर्षं मुक्काम होता असं मानतात. देवळात मूर्तीच्या जागी त्यांच्या मनोहर पादुका. कृष्णा चढली की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या दारात स्नान करायला रात्री-अपरात्रीसुद्धा रांग लागते. पण योग नाजूक. पाणी थोडं कमी असेल तर पादुकांना लागत नाही. जास्त झालं तर दारच बुडतं आणि उत्सवमूर्ती वर हलवावी लागते. म्हणून चढता दक्षिणद्वार वेगळा, उतरता वेगळा. देव नदीपासून लांब नेऊन बसवावा, असं वाडीत कुणाच्या मनातही येत नाही.

वाडीला पुण्य देणारी हीच कृष्णा वरच्या गावांचा जीव टांगणीला लावते. ती तुडुंब असली की पंचगंगेला पुढे सरकायला जागा उरत नाही, मागे फुगवटा धरतो. कोल्हापुरात ऊन पडलेलं असतं आणि पाणी उतरतं इंचाइंचाने. चिखली-आंबेवाडीची माणसं अशा वेळी आभाळाकडे बघत नाहीत. वाडीला पाणी किती उतरलं ते विचारतात आणि मगच जनावरं घराकडे वळवतात.